देवक बसले, म्हणजे नेमके काय झाले?

लग्नघरी आदल्या दिवशी किंवा ऐन मुहूर्ताच्या पहाटे चुलतघराण्यातील एखादा वृद्ध वारल्याची वार्ता यावी, मंडळी क्षणभर सुन्न व्हावीत, आणि मग घरातील एखाद्या जाणत्या आजीने पदर सावरीत एवढेच म्हणावे की, "देवक बसलंय, आता सुतक नाही," आणि त्या एका वाक्यावर उतरवलेली पातेली पुन्हा चुलीवर चढून ठरल्या वेळी अक्षता पडाव्यात, हा प्रसंग महाराष्ट्रातील बहुतेक घराण्यांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. नवख्या माणसास त्यात दोन कोडी दिसतात. ज्या नात्यामुळे कालपर्यंत या घराला दहा दिवस सुतक लागले असते, तेच नाते आज निष्प्रभ कसे झाले? आणि सुपातील तांदळांवर मांडलेल्या काही सुपाऱ्यांमध्ये ही शक्ती आली कोठून? दुसरे कोडे याहून गहन आहे. ज्या विधीने हे संरक्षण लाभते, त्याचा गाभा म्हणजे चक्क एक श्राद्ध आहे, आणि ते लग्नासारख्या मंगल कार्याच्या अगदी उंबरठ्यावर केले जाते.

साखरपुडा, केळवण, मुहूर्त, घाणा, देवक, हळद, सीमान्तपूजन अशी जी विवाहपूर्व कृत्यांची मालिका आपल्याकडे आहे, तिचे वर्णन बहुधा हौसमौज म्हणून केले जाते. ती हौस आहेच. परंतु या मालिकेची बिजागरी देवकात आहे, आणि तेथून पाहू लागले म्हणजे पुढच्या-मागच्या पुष्कळ चालींचा उलगडा होतो, असे माझे मत आहे.

अडचण मोजून पाहू

धर्मशास्त्राच्या हिशेबाने पितृकुळात सात पिढ्यांपर्यंत एकमेकांशी जोडलेले सारे लोक सपिंड होत. त्यांपैकी कोणाचा मृत्यू झाला तर दहा दिवसांचे सुतक, आणि कोणाच्या घरी मूल जन्मले तर दहा दिवसांचे सोयर. म्हणजे दुःख असो वा आनंद, देवधर्माचे कार्य त्या मुदतीत करावयाचे नाही. आता एखाद्या गावात साठ-सत्तर माणसांची भाऊबंदकी आहे, आणि तीत वर्षाकाठी दोन मृत्यू व तीन जन्म होतात, असे उदाहरणादाखल धरू. या पाच घटना वेगवेगळ्या वेळी घडल्या तर वर्षातील पन्नास दिवस कोणतेही मंगल कार्य बंद. त्यातही हे दिवस केव्हा उगवतील, याची पूर्वसूचना कोणालाच नसते.

दुसऱ्या बाजूने पंचांग पाहावे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास जुन्या वहिवाटीने विवाहास वर्ज्य. पौष अनेक घराणी टाळतात. गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल तर तेही दिवस बाद. उरलेल्या काळात वधूवरांच्या पत्रिकांना जुळणारा मुहूर्त, शेतकऱ्याला सुगीनंतर मिळालेली सवड आणि हाताशी आलेला पैसा यांची सांगड घालावयाची. अशा रीतीने महत्प्रयासाने मुक्रर केलेला दिवस कोणा दूरच्या चुलत्याच्या घरी बाळंतपण झाले म्हणून हातचा जाणार असेल, तर मोठ्या कुळात लग्न लावणे हेच दुष्कर होऊन बसते. जमवलेले धान्य, परगावाहून आलेले पाहुणे, दुसऱ्या पक्षाने केलेला खर्च यांची वाट काय? नातेसंबंधांचे जाळे जितके दाट, तितकी ही अडचण मोठी. म्हणून त्या जाळ्याचा मान राखून कार्य पार पाडण्याची तजवीज शास्त्रकारांना करावी लागली.

आरंभ झाला, हे ठरवावयाचे कोणी?

त्यांनी काढलेला तोडगा असा की, आरंभ झालेल्या कार्याला अशौच लागत नाही. नियम सोपा दिसतो, पण त्यात लगेच प्रश्न उभा राहतो की, आरंभ कशाला म्हणावयाचे. मुलगी पाहिली तो आरंभ, की साखर वाटली तो, की मांडवाची मेढ रोवली तो? ज्याला सुतक टाळावयाचे आहे तो आरंभ मागे ढकलीत नेणार आणि ज्याला कार्य मोडावयाचे आहे तो पुढे, हे उघड आहे. म्हणून शास्त्राने प्रत्येक कृत्याचा आरंभबिंदू निश्चित करून टाकला: यज्ञाचा आरंभ ऋत्विजांच्या वरणाने, व्रताचा संकल्पाने, श्राद्धाचा स्वयंपाक सुरू होण्याने, आणि विवाहाचा नांदीश्राद्धाने, म्हणजे देवकाच्या गाभ्यातील त्या श्राद्धाने. मूळचे पैठणचे असलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी काशीत 1612 साली पुरा केलेला निर्णयसिंधू आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास रचलेला धर्मसिंधू या दोन ग्रंथांच्या आधारे आपल्याकडील पुरोहितांनी ही व्यवस्था घरोघर पोचवली. गावच्या आजीचे ते एक वाक्य या दोन ग्रंथांपर्यंत जाऊन भिडते, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

यातली कल्पना दुधाला विरजण लावण्यासारखी आहे. विरजण घालण्यापूर्वी दूध पुन्हा तापवता येते, कोणाला देता येते, बेत बदलता येतो. एकदा विरजण पडले की ते दूध दह्याच्या वाटेला लागले, आता त्यास दुसरा उपयोग नाही, आणि ते नीट लागावयाचे असेल तर भांडे हलवावयाचे नाही. देवक बसल्यानंतर कुटुंबाची स्थिती तशीच होते. बाहेरचा व्यत्यय त्यास लागत नाही, ही सवलत. आणि त्याने स्वतः इकडेतिकडे हलावयाचे नाही, हा निर्बंध. सवलत आणि निर्बंध या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सर्व नियम सुसंगत दिसू लागतात.

वाङ्निश्चय झाला आहे पण देवक बसलेले नाही, अशा मधल्या काळात निकटचे माणूस गेले तर मात्र शास्त्र थांबावयास सांगते. त्यास प्रतिकूल असे नाव आहे, आणि त्याची मुदत नात्याप्रमाणे उतरत जाते: पित्यासाठी वर्ष, मातेसाठी सहा महिने, पत्नीसाठी तीन, भाऊ किंवा मुलगा यांच्यासाठी दीड, इतर सपिंडांसाठी एक महिना. संकट तसेच असेल तर शांती करून मार्ग काढण्याचीही सोय ठेवली आहे.

त्या सकाळी काय मांडतात

ब्राह्मणी वहिवाटीच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी वधूचे अथवा वराचे आईवडील आणि ज्याचे लग्न आहे ते मूल अशी तिघे मंगलस्नान करून पाटावर बसतात. प्रथम गणपतिपूजन, मग पुण्याहवाचन. आजचा दिवस पुण्यकारक आहे, कल्याण आहे, ऋद्धी आहे, असे यजमान जमलेल्या ब्राह्मणांना म्हणावयास सांगतो आणि ते तसे म्हणतात. म्हणजे चारचौघांच्या मुखातून दिवसाच्या शुभत्वाची कबुली घेतली जाते. त्यानंतर मातृकापूजन. सुपात किंवा ताम्हनात तांदूळ पसरून त्यावर ओळीने सुपाऱ्या मांडतात, आणि एकेका सुपारीवर एकेका मातेचे आवाहन करतात. गौरी, पद्मा, शची, मेधा, सावित्री अशी नावे घेत घेत ही मालिका धृती, पुष्टी, तुष्टी यांच्यापर्यंत येते आणि शेवटी घरच्या कुलदेवतेवर थांबते. या सोळा मातांत बुद्धी आहे, विजय आहे, धीर आहे, पोषण आहे, समाधान आहे. संसार चालवावयास लागणाऱ्या गोष्टींची याहून नेमकी यादी करणे कठीण आहे.

जवळच अविघ्नकलश असतो. कुंभाराकडून आणलेले हे सुगडासारखे लहान मातीचे भांडे चुन्याने किंवा हळदीकुंकवाने रंगवलेले असते. त्यात अक्षता, हळकुंड, सुपारी, नाणे असे जिन्नस घालून तोंडावर झाकण ठेवतात, आणि सबंध भांड्यावर पांढरे सूत असे गुंडाळतात की ते सूत सोडवल्याशिवाय आतले काही बाहेर येऊ नये. मंडपदेवता म्हणून आंब्याच्या पानांत दूर्वा व शमी ठेवून त्यांच्याही सुताने बांधलेल्या जुड्या करतात. हे सूप आणि हा कलश देवघराशी किंवा घरातील एका सुरक्षित कोपऱ्यात नेऊन ठेवला, शेजारी दिवा लावला, म्हणजे देवक बसले. लग्न उरकेपर्यंत ते कोणी हलवीत नाही. मुलांना तिकडे फिरकू देत नाहीत. आणि दिव्यात तेल घालण्याचे काम एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडे सोपवलेले असते.

मंगल घरातील श्राद्ध

मातृकापूजनापाठोपाठ नांदीश्राद्ध येते. पितरांना नांदीमुख, म्हणजे प्रसन्नमुख, या रूपात बोलवावयाचे असल्यामुळे नेहमीच्या श्राद्धाची एकेक खूण येथे पालटलेली असते. याज्ञवल्क्यस्मृतीपासून हा पालट नोंदलेला आहे.

> चौकट: दोन श्राद्धांतील फरक
> नेहमीच्या श्राद्धात जानवे उजव्या खांद्यावर घेतात, नांदीश्राद्धात ते सव्यच राहते. तेथे तीळ, येथे जव. तेथे दक्षिणेकडे तोंड, येथे पूर्वेकडे. तेथे दर्भ, येथे दूर्वा. तेथे पितृकार्यास विषम संख्येने ब्राह्मण, येथे जोडीजोडीने. तेथे स्वधा म्हणावयाचे, येथे तो शब्द उच्चारीत नाहीत. पिंड केलेच तर ते दही व बोरे घालून करतात. आज बहुतेक घरी पिंड व पाने न मांडता दक्षिणा देऊन हा विधी संक्षेपाने उरकतात.

सगळ्यांत मोठा पालट क्रमाचा आहे. नेहमीच्या श्राद्धात बाप, आजा, पणजा ही ओळ प्रथम येते. नांदीश्राद्धात यजमानाची आई, आजी, पणजी या तिघी प्रथम, त्यांच्यामागून बाप, आजा, पणजा, आणि मग आईचे वडील, आजे, पणजे सपत्नीक. जी पुरुषप्रधान कुटुंबरचना एरवी स्त्रियांची नावे क्वचितच नोंदते, तिने वंशवृद्धीच्या प्रसंगी मात्र आयांना पहिले पान वाढले आहे. यजमानाच्या आजोळच्या पितरांनाही येथे बोलावणे असते. तिकडे वधूस गौरीहरापुढून उठवून मांडवात आणावयाचे काम तिच्या मामाकडे असते. मृतांतील आणि जिवंतांतील हे आजोळचे मानकरी एकाच न्यायाने बोलावले जातात, असे मला वाटते: लग्नात दुसऱ्या कुळाची मुलगी घरात यावयाची असते, आणि त्या घरात पूर्वी अशाच रीतीने आलेल्या बाईच्या माहेरचा हक्क अशा वेळी मान्य केला जातो.

या विधीत एक व्यवहार्य उपनियम आहे. ज्या वर्गातील पहिली व्यक्ती हयात असेल, तो वर्ग सोडून द्यावयाचा. म्हणजे यजमानाची आई जिवंत असेल तर आयांची ओळ वगळावयाची. गुरुजी पाटावर बसताच "आई आहे का? वडील आहेत का?" असे विचारतात ते यासाठी. आई नसेल तर पुढचा प्रश्न येतो तो आजीच्या आणि पणजीच्या नावाचा, आणि येथे बहुतेक यजमान अडखळतात. बापाचा आजा सातबाऱ्यावरून ठाऊक असतो, पण पणजीचे नाव कोणत्याच दस्तऐवजात सापडत नाही. मग आतल्या खोलीतून एखाद्या वृद्ध आत्याला हाक जाते, ती दारापाशी येऊन माहेरचे नाव कोणते, सासरचे कोणते, असे मनाशी जुळवून पाहते, आणि आठवले तर सांगते. ज्यांच्या घरी कार्य निघाले आहे त्यांनी ही नावे आधीच विचारून लिहून ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगतो. पुष्कळ कुटुंबांत पणजीचे नाव उच्चारले जाण्याचा हा एकमेव प्रसंग उरलेला आहे.

झाडाच्या डहाळीचे देवक

आतापर्यंत सांगितले ते पोथीवरचे देवक. मराठा, कुणबी आणि इतर अनेक जातींत देवक म्हणजे कुळाचे पूज्य असे झाड, वेल, पान, पक्ष्याचे पीस किंवा वस्तू. कोणाचे पंचपल्लव, कोणाचे कळंब, कोणाचे रुई, कोणाचे मोराचे पीस, कोणाचे शंख. मुंबई इलाख्यातील जातीजमातींवर आर. ई. एन्थोव्हेन यांनी 1920 ते 1922 या काळात जे तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांत अशा देवकांच्या लांबलचक याद्या आहेत. ज्या झाडाचे देवक, ते झाड त्या कुळाने तोडावयाचे नाही, जाळावयाचे नाही. आणि ज्यांचे देवक एक, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे देवक हे कुळाची हद्द दाखवते. आडनावे बदलतात, वतनाने किंवा गावावरून नवी पडतात; पण देवक विचारले की भाऊबंद कोण आणि सोयरा कोण, याचा उलगडा होतो. सोयरीक जुळवताना जुनी माणसे आडनावामागोमाग देवक विचारतात ते याच कारणाने.

लग्नाच्या वेळी हे देवक वाजतगाजत आणतात. घरातील एक जोडपे, उपरण्याची गाठ मारलेले, डोक्यावर धरलेल्या चादरीच्या छायेत मारुतीच्या देवळात जाते. गुरवाने आणून ठेवलेल्या डहाळीची तेथे पूजा होते, आणि ती घरी आणून मांडवाच्या मुहूर्तमेढीला बांधतात. या रीतीत मातृकांची सोळा नावे नाहीत आणि दहीबोरांचे पिंडही नाहीत. तथापि मेढीला डहाळी बांधली गेली की या घरचे कार्य सुरू झाले, हे साऱ्या गावाला कळते, आणि कुळाच्या पूर्वापार खुणेच्या साक्षीने कळते. पोथीतले देवक आणि झाडाचे देवक यांचा उगम वेगळा असावा. पण लग्नघरात दोघांना नेमलेले काम एकच आहे. कुळाला एकत्र बोलावणे आणि कार्याच्या आरंभावर शिक्का मारणे, ते हे काम.

देवकाच्या अलीकडचे दिवस

देवकापूर्वीच्या कृत्यांना ही बंधने नसतात, म्हणून ती मोकळी आणि लवचिक आहेत. साखरपुड्यास पूर्वी याद होई. देणेघेणे, मानपान, कोणी किती माणसे आणावयाची याचे कलम दर कलम लिहून त्यावर कुंकवाची बोटे लावीत व दोन्ही पक्ष सह्या करीत. या यादीने अनेक बाप कर्जात बुडाले. 1961 च्या कायद्याने हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरले तरी यादीतली कलमे तोंडी स्वरूपात कित्येक ठिकाणी टिकून राहिली, ही गोष्ट दुःखाने नमूद केली पाहिजे.

केळवण, ज्याला काही भागांत गडगनेर म्हणतात, ते आप्तांच्या घरी जाऊन जेवण्याचे. ते देवकाआधीच का, याचे कारण आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. देवक बसल्यावर घर सोडून गावोगाव पंक्तीला जाता येत नाही.

मुहूर्त करणे किंवा घाणा भरणे हा विधी मात्र क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. शुभ दिवशी पाच सवाष्णी जमतात. जात्याला आणि उखळाला हळदकुंकू लावतात, जात्याच्या खुंट्याला खण बांधतात; दोन मुसळे एकत्र बांधून त्यांना आंब्याची पाने लावलेली असतात, आणि सगळ्याजणी मिळून ती जोडमुसळे धरून हळकुंडे कांडतात, मग जात्यावर मूठभर धान्य दळतात. दोन मुसळे एकत्र बांधलेली असल्यामुळे एकटीला ती उचलत नाहीत, हे त्या मांडणीतले मर्म. हाच कार्याच्या कष्टांचा आरंभ. पुढचे मणभर दळण यानंतर सुरू व्हावयाचे. त्यावेळी म्हटल्या जाणाऱ्या ओव्या बायकांनीच रचलेल्या. साने गुरुजींनी अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला, आणि पुढे हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या. पोथी पुरुषांच्या हाती होती, पण लग्नाच्या तयारीचा हा मुहूर्त पूर्णपणे बायकांचा राहिला, आणि त्यास गुरुजींची गरज कधी पडली नाही. सारस्वतांत याच जागी उडदाचा मुहूर्त असतो.

हळद लागली की वेस ओलांडू नये

हळद का लावतात, याचे उत्तर आजकाल त्वचेस गुणकारी म्हणून, असे देण्याची पद्धत पडली आहे. हळदीचे गुण खरे आहेत. परंतु वराच्या अंगाला लावून उरलेली उष्टी हळदच वधूकडे का पाठवावयाची, तिच्याबरोबर साडी आणि मान घेऊन सवाष्णीच का जावयाच्या, याचा खुलासा त्या उत्तराने होत नाही. ही हळद आजपासून आपण एकमेकांची उष्टी-खरकटी मानीत नाही, अशी जोडप्यातील पहिली कबुली आहे, आणि ती दोन्ही घरांनी जाहीर रीतीने दिलेली आहे.

हळदीनंतर नवरदेवाने एकटे बाहेर जाऊ नये, हातात कट्यार किंवा अडकित्ता बाळगावा, वेशीबाहेर पाऊल टाकू नये, असे घरोघर सांगतात. लोक त्यास दृष्ट लागण्याची भीती म्हणतात. पण नांदीश्राद्धानंतर सपिंडांनी पाळावयाचे जे निषेध ग्रंथांत दिले आहेत त्यांत नदी व सीमा ओलांडण्याची मनाई स्पष्ट आहे. त्याच यादीत थंड पाण्याचे स्नान नको, उपवास नको, इतर श्राद्धे नकोत, श्राद्धाचे जेवण नको, अपसव्य नको, वेदाध्ययनही नको. पाहिले तर हे बहुतेक निषेध शोकाच्या किंवा वैराग्याच्या खुणांचे आहेत. ज्याने कार्य आरंभले त्याने मृत्यूकडे पाठ करून उभे राहावयाचे, म्हणून तो स्मशानातही जात नाही. सुरुवातीस सांगितलेल्या प्रसंगात सख्खे भाऊबंद अंत्ययात्रेला न जाता लग्नघरीच थांबले, तर ते निष्ठुरपणाने नव्हे. त्यांना सवलत मिळाली तिची किंमत ते देत असतात, आणि ती किंमत सोपी नसते; घरात गाणी चालू असताना डोळे पुसणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

अन्नाविषयीही शास्त्राने असाच विचार केला आहे. कार्यासाठी म्हणून संकल्प करून आधी बाजूला काढलेले द्रव्य मध्येच सुतक आले तरी दूषित होत नाही, असा नियम आहे. भांडारात भरलेले धान्य वाया जाऊ नये, आलेला पाहुणा उपाशी जाऊ नये, ही व्यावहारिक कळकळ त्यात दिसते.

मुदत किती, आणि बातमी दाबावी का?

हे संरक्षण आधीपासून किती दिवस घेता येते? धर्मसिंधूने दिलेली मर्यादा अशी: यज्ञासाठी नांदीश्राद्ध एकवीस दिवस आधी करता येते, विवाहासाठी दहा, मुंजीसाठी सहा, चौलासाठी तीन. घरात कोणी अत्यवस्थ असेल, किंवा भाऊबंदकीत एखादे बाळंतपण तोंडावर आलेले असेल, तर देवक लवकर बसवून घेण्याचा मार्ग यामुळे खुला राहतो. पूर्वीच्या जाणत्या कारभाऱ्यांनी तो अनेकदा वापरला. वधूवरांच्या आईच्या विटाळाची अडचणही याच उपायाने टाळीत. त्या विटाळाच्या कल्पनेशी आज आपण सहमत असण्याचे कारण नाही.

ज्यांना हा मार्ग ठाऊक नसे ते दुसरा पत्करीत. अशौच हे बातमी कानावर आल्यावर लागते, असा शास्त्राचा नियम आहे. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस, नंतर कळले तर त्याहून कमी. म्हणून लग्न होईपर्यंत मृत्यूचे कार्ड घरातल्या एकाच माणसाने वाचून फाडून टाकावे, कोणास सांगू नये, असे प्रकार घडत. बातमी दाबणाऱ्या त्या एकट्या माणसावर केवढा भार पडे! देवकाने तोच बचाव उघडपणे आणि सर्वांच्या संमतीने दिला आहे, यात मला त्या विधीचे मोठे शहाणपण दिसते. आता पुण्यातील बातमी न्यू जर्सीच्या चुलतभावाला मिनिटाभरात पोचते. न ऐकण्याची वाट बंदच झाली आहे.

गोव्यातील साक्ष

गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नापूर्वी रोस होतो, म्हणजे वधूवरांना नारळाच्या रसाने माखतात. आणि त्याच सुमारास भिकाऱ्यांचे जेवण घालतात, ते घरातील मृतांच्या स्मरणार्थ. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने आज्ञापत्र काढून लग्नातील हळद, गाणी व इतर अनेक जुन्या चालींना मनाई केली. पोथी गेली, मातृका गेल्या, हळद बंद झाली. तरीही लग्नाआधी अंगाला काही लावावे, आणि जे गेले त्यांच्या नावाने पान वाढावे, या दोन गोष्टी त्या घरांतून गेल्या नाहीत. नांदीश्राद्धाच्या मुळाशी शास्त्राहूनही खोल अशी माणसाची एक गरज आहे, याचा याहून सबळ पुरावा मला देता येणार नाही.

कार्यालयातील देवक

हिंदू विवाह कायद्याने, म्हणजे 1955 च्या अधिनियमाने, विवाहपूर्व कोणत्याही विधीची सक्ती केलेली नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक पद्धतीने 1873 च्या डिसेंबरात लागलेल्या पहिल्या विवाहापासून ही सारी कृत्ये वगळून लग्न लावणारीही कुटुंबे महाराष्ट्रात आहेत. ज्यांना देवक बसवावयाचे आहे त्यांच्यापुढे मात्र आज वेगळीच अडचण आहे. मंगल कार्यालय एका दिवसापुरते मिळते. पहाटे सहाला देवक, दहाला लग्न, दुपारी पंक्ती, आणि संध्याकाळी जागा रिकामी करून द्यावयाची. दहा दिवसांचे कवच चार तासांवर येते, आणि आदल्या रात्री भाऊबंदकीत काही घडले तर ते कवच मुळात अंगावर चढलेलेच नसते. पुन्हा, देवकाच्या उत्थापनासाठी शास्त्राने सहावा सोडून सम दिवस, आणि विषमांपैकी फक्त पाचवा व सातवा सांगितलेला आहे. त्याच सायंकाळी घाईने सुपाऱ्या उचलणे त्यात बसत नाही. विचारी कुटुंबे म्हणून आदल्या दिवशी, किंवा त्याहूनही दोनचार दिवस आधी, राहत्या घरीच देवक बसवतात, दिव्यापाशी एखादे माणूस ठेवतात, आणि लग्न लागून सून घरात आल्यावर हिशेबाने येणाऱ्या सम दिवशी तिच्या समक्ष अविघ्नकलशाचे सूत सोडवतात. त्यानंतरही वर्षभर त्या घरातील सपिंडांनी पिंडदान व तिलतर्पण करावयाचे नसते; अपवाद फक्त आईबापांच्या वार्षिक श्राद्धाचा, महालयाचा आणि गयेचा.